एकवीस महिन्यांची उधारी

पाचवी आणि आठवीच्या मुलांना वार्षिक परीक्षेत नापास करता येईल, असा नियम महाराष्ट्रात २०२३ साली आला. तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीत, पालकसभेत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी एकच वाद ऐकते आहे: ढकलपास बंद झाली हे बरं झालं की वाईट? एक बाजू म्हणते, पोरं वाचता न येता आठवीपर्यंत पोचतात, कुठेतरी गाळणी हवीच. दुसरी म्हणते, नापास झालेलं गरिबाचं मूल पुन्हा शाळेकडे फिरकत नाही, गाळणी नको. दोन्हींत तथ्य आहे, पण दोघांकडूनही एक साधा हिशेब राहून जातो. २०२३-२४ मध्ये पाचवीची परीक्षा दिलेलं मूल २०२०-२१ मध्ये दुसरीत होतं. २०२४-२५ मध्ये ती दिलेलं मूल तेव्हा पहिलीत होतं. २०२५-२६ च्या पाचवीतल्या मुलांची नावं पहिलीच्या पटावर चढली जून २०२१ मध्ये, आणि त्या वर्षीची दिवाळी उलटून गेली तरी त्यांनी वर्ग पाहिला नव्हता. म्हणजे या नियमाखाली आलेल्या पहिल्या तीनही तुकड्या बंद शाळेतल्या आहेत. मग परीक्षा नक्की कोणाची चालली आहे?

माझी भूमिका आधीच सांगते. करोनाच्या साथीत सुरुवातीचे काही महिने प्राथमिक शाळा बंद करणं बरोबर होतं. त्या जवळपास एकवीस महिने बंद ठेवणं चूक होतं. त्या चुकीची किंमत सगळ्या मुलांनी सारखी भरली नाही, तिचा सर्वांत मोठा वाटा वस्त्यांमधल्या मुलांच्या अंगावर पडला. ही सार्वजनिक उधारी आहे, आणि ती कोणाला देणं लागतो हेही आपल्याला नेमकं माहीत आहे. ती फेडल्याशिवाय या मुलांवर नापासाचा शिक्का मारण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मी उत्तर नागपुरातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या मुलांचे बाप सकाळी ठिय्यावर उभे राहून काम मिळायची वाट पाहतात, कोणी कळमन्याच्या बाजारात पोती उचलतात, कोणी ई-रिक्षा चालवतात. आया चार घरची धुणीभांडी करतात. मार्च २०२० मध्ये शाळेला कुलूप लागलं आणि काही आठवड्यांतच ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असे संदेश आमच्या फोनवर येऊ लागले. ते तयार करणाऱ्यांनी मनापासून काम केलं, याबद्दल मला शंका नाही. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झालं, तेही चांगलंच होतं. पण आमच्या पटावरच्या बहुतेक घरांत एकच फोन, तोही बापाच्या खिशात, आणि बाप कामावर. रात्री नऊला तो घरी यायचा तेव्हा नेटपॅक संपलेला असायचा किंवा मूल झोपलेलं. दुसरीतल्या एका मुलाच्या आईने मला रस्त्यात अडवून विचारलं होतं, “मॅडम, पोट्टं दिवसभर रोडवर राह्यते जी. तुमी म्हणता घरी अभ्यास घ्या. मले वाचता आलं असतं तं मी लोकायची भांडी कायले घासली असती?” त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

तिचा अनुभव एकटीचा नव्हता. ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या वंचित वस्त्यांमध्ये सुमारे १४०० मुलांना भेटून पाहणी केली. महाराष्ट्रही त्यात होता. नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुलं ग्रामीण भागात ८ टक्के निघाली, शहरी भागात २४ टक्के. गावांतली ३७ टक्के मुलं त्या काळात अजिबात काही शिकत नव्हती. कागदावर शाळा चालू होती, हजेरीचे तक्ते भरले जात होते, मीही ते भरले. पण ज्या व्यवस्थेत शहरातल्या गरीब मुलांपैकी चारातली तीन मुलं नियमित पोचत नाहीत, तिला शाळा म्हणायचं का?

शिवाय शाळा म्हणजे फक्त धडे नव्हेत. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर सरकारी शाळांत शिजवलेलं गरम जेवण मुलांचा हक्क झालं. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला किमान ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, असं त्याचं माप आहे. शाळा बंद होताच न्यायालयाने १८ मार्च २०२० रोजी स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली, आणि पुढे कोरडा तांदूळ-डाळ पालकांना वाटण्यात आली. ज्यांनी हे धान्य घरोघरी पोचवलं त्यांचे उपकारच आहेत. पण ताटात वाढलेली खिचडी आणि घरी नेलेला तांदूळ यांत फरक आहे. वर्गात वाढलेली खिचडी त्या मुलाच्याच पोटात जाते. घरी नेलेला तांदूळ सहा तोंडांत वाटला जातो, आणि काम गेलेल्या घरात तो तसा वाटला जाणारच. मुलीच्या वाट्याला त्यातलं शेवटचं येतं. शाळेत आम्ही रोज चेहरे बघतो. कोण बारीक झालंय, कोणाच्या हातावर वळ आहेत, कोणती मुलगी आठवडाभर आली नाही आणि का, हे त्यातून कळतं. वर्ग बंद झाला तसा हा डोळाही मिटला.

आता या मुद्द्याच्या विरोधात जे बोललं जातं त्यातलं सगळ्यांत वजनदार आधी घेते. नागपूरकरांना एप्रिल २०२१ आठवत असेल. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत खाट मिळत नव्हती, मोक्षधाम आणि गंगाबाई घाट या स्मशानांत रांगा होत्या. माझ्या ओळखीतले शिक्षक त्या महिन्यात गेले. त्या वेळी शाळा उघडा असं कोणी म्हटलं असतं तर मीच विरोध केला असता. मार्च २०२० मध्येही विषाणू काय आहे हे कोणालाच नीट कळलं नव्हतं, जगभर शाळा बंद होत होत्या आणि सावधगिरी हाच शहाणपणा होता. ज्या सरकारी माणसांनी तेव्हा कुलपं लावली त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. लाट असताना शाळा बंद ठेवणं आणि लाट ओसरल्यावरही ती उघडायची घाई न वाटणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या वादात त्या एकत्र कालवल्या जातात. एक जण एप्रिल २०२१ चं उदाहरण देतो, दुसरा ऑगस्टचं, आणि दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटतं.

टाळेबंदी सैल होत गेली तसं काय कोणत्या क्रमाने उघडलं, ते पाहू. दारूची दुकानं मे २०२० पासून सुरू होऊ लागली. मॉल उघडले ५ ऑगस्ट २०२० ला. हॉटेलं आणि बार ५ ऑक्टोबरला. मंदिरं १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी. त्यानंतर नववी ते बारावीच्या वर्गांची पाळी आली. पाचवी ते आठवीचे वर्ग २०२१ च्या सुरुवातीला जेमतेम काही आठवडे भरले आणि नव्या लाटेत पुन्हा बंद पडले. दुसऱ्या लाटेनंतरही लहान मुलं शेवटीच राहिली: ऑक्टोबर २०२१ मध्ये मोठे वर्ग, घटस्थापनेला मंदिरं, २२ ऑक्टोबरला चित्रपटगृहं. शहरातल्या पहिली ते चौथीच्या चिमुकल्यांसाठी डिसेंबर उजाडला, आणि जानेवारीत ओमायक्रॉनमुळे ते पुन्हा घरी बसले. यातल्या प्रत्येक धंद्यावर कोणाचं तरी पोट होतं हे मला मान्य आहे. हॉटेलातल्या वेटरचीही मुलं माझ्या वर्गात आहेत. पण हॉटेलवाल्यांची संघटना होती, त्यांनी निवेदनं दिली, मोर्चे काढले. सहा वर्षांच्या मुलाची संघटना कुठे असते?

वर्ग उघडताना आपण मोठ्यांना आधी बोलावलं, कारण त्यांना बोर्डाची परीक्षा होती. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० ला शाळा उघडल्या त्या सर्वांत लहान मुलांपासून. त्यामागचं कारण साधं आहे. लहान मुलाला या आजाराचा धोका सगळ्यांत कमी, आणि पडद्यावरून शिकण्याची क्षमताही सगळ्यांत कमी. दहावीचा मुलगा पुस्तक उघडून निदान वाचू तरी शकतो. पहिलीच्या मुलाला पुस्तक उघडता यावं म्हणूनच तर पहिली असते. जुलै २०२१ मध्ये आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे, तेव्हाचे महासंचालक बलराम भार्गव यांनीही, उघडायच्या झाल्या तर प्राथमिक शाळा आधी उघडणं शहाणपणाचं ठरेल, असं जाहीरपणे सांगितलं होतं. आपण ते ऐकलं नाही.

यावर उत्तर येतं: वस्तीत एका खोलीत आजी-आजोबांसह सात माणसं राहतात, मुलाने शाळेतून आजार घरी आणला असता तर म्हातारी माणसं गेली असती. ही भीती खोटी नव्हती, आणि ती बोलून दाखवणाऱ्या आयांना मी कधी दोष देणार नाही. पण या युक्तिवादात एक गृहीतक दडलेलं आहे, की शाळेत न गेलेलं मूल घरात होतं. टेका नाक्याच्या किंवा वाठोड्याच्या गल्लीत दुपारी चक्कर मारलेल्या कोणालाही विचारा. मुलं नळावर होती, मैदानात होती, भाजीच्या गाड्यावर बापासोबत होती, आईबरोबर कामाच्या घरी होती. संध्याकाळी ती त्याच खोलीत, त्याच आजीजवळ परत येत होती. आयसीएमआरच्याच जून-जुलै २०२१ च्या देशव्यापी रक्ततपासणीत ६ ते ९ वर्षांच्या ५७.२ टक्के मुलांमध्ये प्रतिपिंडं, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, सापडली. महाराष्ट्रात या वयाच्या मुलांचे वर्ग शाळा बंद झाल्यापासून तोवर उघडलेच नव्हते. कुलूप शाळेला होतं, विषाणूने दुसऱ्या वाटा शोधल्या होत्या.

या प्रश्नाला शंभर वर्षांपूर्वी दिलेलं एक उत्तर उपलब्ध आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझात अमेरिकेतल्या बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या, न्यूयॉर्कने केल्या नाहीत. तिथले आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड यांचा विचार असा होता: शहरातल्या सुमारे १० लाख शाळकरी मुलांपैकी साडेसात लाख दाटीवाटीच्या चाळींत राहतात. त्यांच्या घरांपेक्षा शाळेची इमारत मोठी, स्वच्छ आणि हवेशीर आहे. शिवाय तिथे मुलाला रोज तपासता येतं, आजारी दिसलं तर नर्स आणि डॉक्टर आहेत. म्हणजे गरिबी हे त्यांच्या दृष्टीने शाळा उघडी ठेवण्याचं कारण होतं. त्या फ्लूने मुलंही मरत होती, हे लक्षात घेतलं तर त्या निर्णयाची जोखीम कळते. न्यूयॉर्कचं सगळं आपल्याला लागू होत नाही, आमच्या शाळेत नर्स नाही. पण नर्स नाही म्हणून शाळा बंद ठेवायची, की शाळा उघडायची म्हणून नर्स नेमायची?

शिक्षकांच्या जिवाचा मुद्दा मी टाळणार नाही, कारण तो माझ्या जिवाचाही होता. आम्हाला वर्गात जायला सांगितलं नाही, पण घरोघरी सर्वेक्षणाला, रेशन दुकानावर, तपासणी नाक्यावर उभं केलं. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आम्ही दारं ठोठावली. ते काम करायला हवं होतं, मी ते केलं. पण मग शाळा बंद ठेवल्याने शिक्षक सुरक्षित राहिला, असं म्हणता येत नाही. शिक्षकांना लवकर लस द्या, ही मागणी सुरुवातीपासून होती. केंद्राने सगळ्या शिक्षकांचं लसीकरण शिक्षकदिनाच्या आत उरका असं राज्यांना सांगितलं ते ऑगस्ट २०२१ मध्ये. शाळा ही गरजेची सेवा आहे असं पहिल्यापासून मानलं असतं, तर तो निर्णय फेब्रुवारीत झाला असता.

‘घरी आई शिकवेल’ हे गृहीतक तर या शहराने तरी धरायला नको होतं. १९२२ साली नागपुरात जाईबाई चौधरींनी संत चोखामेळा कन्याशाळा काढली. त्या स्वतः कधीकाळी ओझी वाहत होत्या. डोक्यावर भार वाहणाऱ्या बाईला वाचायला मिळालं आणि तिने इतर मुलींसाठी शाळा उभी केली, कारण ज्या घरात कोणीच कधी वाचलं नाही तिथे अक्षर आपोआप येत नाही, हे तिला अनुभवाने माहीत होतं. माझ्या वर्गातली अर्धीअधिक मुलं आजही घरातली पहिली शिकणारी आहेत. त्यांच्यासाठी शाळा घरी नेणं शक्यच नव्हतं. घर शाळेत आणता आलं असतं, किंवा शाळा गल्लीत नेता आली असती. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, मुलं अंतर ठेवून भिंती वाचत होती. राज्यभर कितीतरी शिक्षकांनी समाजमंदिरात, झाडाखाली पाच-पाच मुलं बसवली. हे परवानगी मिळण्याची वाट न पाहता केलेले प्रयत्न होते. हेच धोरण का झालं नाही? जुलै २०२१ मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला, तोही बहुतेक मुलांच्या बंद शाळांमध्ये. पुलाचं एक टोक त्याच फोनवर टेकवलं होतं.

आता एक आक्षेप असा आहे की त्याने मला खरंच विचारात पाडलं. ‘नुकसान झालं खरं, पण भरून निघालं.’ याला आधार आहे. मुलांना वाचता-लिहिता किती येतं हे तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत देशात तिसरीच्या ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो त्यांचं प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होतं, २०२२ मध्ये ते २०.५ पर्यंत घसरलं आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ वर आलं. बघा, झालं की सगळं पूर्ववत, असं लोक म्हणतात. पण २०२४ मधलं तिसरीचं मूल २०२२ मध्ये पहिलीत आलं, म्हणजे शाळा उघडल्यावर. ती मुलंच वेगळी. २०२० ला पहिलीत असलेली मुलं २०२४ मध्ये पाचवीत होती, त्यांच्यातल्या ४८.८ टक्क्यांना दुसरीचा उतारा वाचता आला. प्रामाणिकपणे सांगायचं तर हा आकडाही २०१८ च्या पाचवीच्या ५०.५ टक्क्यांपासून फार दूर नाही. तिसरीत पाचातल्या चार जणांना न वाचता येणारी ही तुकडी दोन वर्षांत इथवर आली, याचा मला अभिमान आहे. पण निम्म्यांना तरीही दुसरीचं वाचता येत नाही, आणि हे निम्मे कोणत्या घरांतले, हे सांगायला पाहणीची गरज नाही. शिवाय ‘असर’ ग्रामीण भागात होते, नागपूरच्या वस्त्या तिच्यात येतच नाहीत.

आणि ही सुधारणा कशाने झाली? परीक्षेच्या धाकाने नव्हे. मूल कितवीत आहे हे बाजूला ठेवून त्याला काय येतं त्यानुसार गट पाडले, रोज तासभर फक्त वाचन घेतलं, तेव्हा झाली. माझ्याकडे डिसेंबर २०२१ मध्ये दुसरीत एक मुलगी आली. पटावर ती दीड वर्ष होती, मी तिला पाहिलं त्या दिवशी पहिल्यांदा. तिला पेन्सिल धरता येत नव्हती. तिसरी संपताना ती जोडाक्षरं वाचू लागली. तिला त्याच वर्गात पुन्हा बसवलं असतं तर ती आली असती का? तिच्या मोठ्या भावाचं उत्तर मला माहीत आहे. तो टाळेबंदीत सुटला तो कायमचा, आता गॅरेजमध्ये आहे.

‘मुलं पास तर झालीच’ म्हणणाऱ्यांनी २०२१ चा दहावीचा निकाल आठवावा: ९९.९५ टक्के. परीक्षा न घेता लागलेला तो निकाल तेव्हाच्या परिस्थितीत योग्यच होता, पण शिक्षण झालं याचा पुरावा म्हणून कोणी तो आज पुढे करणार नाही. आपण एका वर्षी मोठ्या मुलांना परिस्थिती बघून मोकळं केलं. लहान मुलांचं नुकसान हळूहळू, चार-पाच वर्षांनी दिसतं, आणि ते दिसू लागलं तेव्हाच आपण नापासाचा नियम आणला. नापास झालेल्यांना फेरपरीक्षा आहे हे मला माहीत आहे. पण दोन वर्षांचं राहिलेलं उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत, नागपूरच्या ४५ अंशांत, कोणाच्या मदतीने भरून काढायचं?

शाळा साथीआधीही नीट शिकवत नव्हत्या, मग बंद राहिल्याने काय गेलं, असंही विचारलं जातं. २०१८ चा २७.३ टक्क्यांचा आकडा लाजिरवाणा आहेच. पण गळकं छप्पर काढून टाकल्याने पाऊस कमी लागत नाही.

पुढच्या साथीसाठी माझी मागणी थोडक्यात आहे. शाळा सगळ्यांत शेवटी बंद व्हाव्यात, सगळ्यांत आधी उघडाव्यात, त्यातही लहान वर्ग पहिले, आणि शाळेची चूल कधीच विझू नये. हे आज कायद्यात किंवा शासन निर्णयात लिहिलं गेलं पाहिजे, कारण साथ आल्यावर लिहायला कोणाला वेळ नसतो. मागच्या साथीचं देणं मात्र आज द्यायचं आहे. ज्यांची पहिली ते पाचवीतली वर्षं बंद शाळेत गेली, त्या मुलांना आठवीपर्यंत नापास करू नये. पाचवी-आठवीची परीक्षा घ्यावी, पण कोण कुठे अडलंय ते कळण्यासाठी, आणि अडलेल्याला रोजचा एक जादा तास व त्या तासासाठी स्वतंत्र शिक्षक मिळावा. आम्हाला मतदार याद्यांच्या आणि सर्वेक्षणांच्या कामातून सोडवलं तर त्यातले कितीतरी तास आमच्याकडेच निघतील. २०२० च्या पहिलीची मुलं २०२७-२८ मध्ये आठवीत असतील. आठवी संपली की शिक्षण हक्क कायद्याचं छत्र त्यांच्यावरून जाईल, आणि मार्च २०३० मध्ये ती दहावीला बसतील किंवा बसणार नाहीत. ही मुलं कोण, यासाठी नवं सर्वेक्षण नको. त्या वर्षाची हजेरीपत्रकं शाळांच्या कपाटात आहेत, आणि त्यांत प्रत्येकाचं नाव आहे.